बाईंचा ॲम्प्लिफायर आणि माझे कान

६ एप्रिल

आप्पासाहेबांनी ही डायरी दिली. मोंढ्यात त्यांचं बियाणांचं दुकान आहे, कंपनीकडून अशा डायऱ्या गठ्ठ्यानं येतात. दर पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलाय. मला शेत नाही, त्यामुळं सल्ले वाया जाणार. कागद मात्र चांगला जाड आहे.

मी काही लिहिणारा माणूस नव्हे. दुकानात कामाचं रजिस्टर आहे, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, गाव, वस्तू आणि दोष लिहिला की झालं. पण आज आलेलं काम त्या रकान्यांत मावेना.

दुपारी लातूरहून एक बाई जीप करून आल्या. सत्तरीच्या, ताठ, सुती साडी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. चंद्रप्रभाबाई. लातूरला मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दुकानात शिरल्या आणि उघडी पडलेली यंत्रं मोजली. म्हणाल्या, सोळा आहेत, म्हणजे माझा नंबर सतरावा, थांबते. आणि खरंच बाकावर बसल्या. अशा माणसाला थांबवायची माझी तरी छाती नाही. मी सोळांना बाजूला सारून त्यांचं खोकं टेबलावर घेतलं.

खोक्यात गिटारचा ॲम्प्लिफायर. ब्याऐंशी साली हैदराबादेतल्या एका कारागिरानं हातानं बांधलेला, ट्रान्झिस्टरवाला. मागं लोखंडी टोप्या घातलेले दोन जाडजूड ट्रान्झिस्टर, जुन्या काळचे, हत्तीसारखे. लावला तर नुसतं हमिंग. घुंम्म, घुंम्म, पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत बसल्यासारखं. बाई हवाईयन गिटार वाजवतात, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत. ती घुंम्मपुढं ऐकूच येईना.

मग त्यांनी कारण सांगितलं. चौऱ्याऐंशी साली शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा स्टेजवर वाजवायला बसल्या होत्या. भूपातली धून, त्यांनीच बसवलेली. अस्थायी झाली आणि लाइट गेली. अंतरा राहिला. तो चाळीस वर्षं राहिलेला आहे. आता एकोणीस मेला माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे, त्यात वाजवायचं ठरलंय. पण साउंडवाल्या मुलानं, गंधार त्याचं नाव, हा ॲम्प्लिफायर ऐकून कानावर हात ठेवले. त्यानं बाईंचं वाजवणं घरी मोबाइलवर टेप करून घेतलंय. म्हणाला, स्टेजवर ट्रॅक लावतो, तुम्ही नुसती कांडी सरकवत बसा, कुणाला कळणार नाही.

बाई मला म्हणाल्या, "मन्मथराव, पस्तीस वर्षं मी एकाही मुलीला मागचं उत्तर बघून गणित उतरवू दिलेलं नाही. आता मी उतरवू?"

मी म्हणालो, बाई, हा गप बसेल. जबान दिली. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण देवानं कान दिलेत. रस्त्यानं जाता जाता कुणाच्या पंख्याचं बुश गेलंय, कुणाच्या मोटरीत पाणी शिरलंय, ते न विचारता सांगतो. देगलूरला एका रेडिओवाल्याच्या ओट्यावर बसून नुसतं ऐकून धंदा शिकलो. उदगिरात ‘मन्मथ रेडिओज’ उभं केलं ते याच कानांवर.

८ एप्रिल

उघडला. आत धूळ, एक वाळलेली पाल आणि दोन फुगलेले कंडेन्सर. विजेची घरघर पोटात दाबून सपाट करणं हे कंडेन्सरचं काम. तोच फुगला तर घरघर सरळ स्पीकरात. नवे टाकले. माझ्याकडच्या मोडक्या गिटारची वायर लावून आवाज पूर्ण चढवला आणि जाळीला कान लावला. आत काही नाही.

आप्पासाहेब रोज अकराला चहाला येतात ते दोनपर्यंत. त्यांनी विचारलं, बाजारात सगळ्यांचे स्पीकर भणभणतात, तुझ्या दुकानात एवढी शांतता कशी. मी त्यांना आमच्या अर्थिंगची कहाणी सांगितली (बहुतेक पाचव्यांदा). यंत्रातली चुकार वीज जमिनीत गेली पाहिजे, म्हणून अठ्ठ्याण्णव साली मी स्वतः मागच्या अंगणात सहा फूट खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं या हातानं. आज सव्वीस वर्षं झाली, त्याच्याकडं एकदाही बघावं लागलं नाही. काम असं करावं.

मी हे सांगत होतो तेव्हा मागं माझी बायको नागम्मा तांदूळ धुतलेलं पाणी कडीपत्त्याला ओतत होती. दुकानात ऐकू येत होता तो आवाज तेवढा एकच.

१० एप्रिल

आज घरात जरा झालं.

नळाला नवव्या दिवशी पाणी आलं, तेही पाऊण तास. आणि सकाळी बघतो तर नागम्मा भांड्यांचं पाणी घागरीत भरून कडीपत्त्याच्या बुडाशी रिकामी करतेय. रोजची घागर. मी आप्पासाहेबांसमोरच बोललो, हे कदाचित टाळता आलं असतं. म्हणालो, अख्खं गाव टँकरमागं पळतंय आणि हिला झाडाचे लाड. उद्यापासून ते पाणी ड्रममध्ये साठव, संडासाला होईल.

ती म्हणाली, "केळ्री."

म्हणजे ऐका. नागम्माचं माहेर मुखेडकडचं, घरात कानडी. एरवी ती माझ्याशी मराठीच बोलते. कानडी निघालं म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असतं. पण मी सोल्डर करत होतो आणि सोल्डर करताना बोलणाऱ्याकडं बघितलं तर डाग बिघडतो. नंतर सांग म्हणालो. नंतर तिनं काही सांगितलं नाही, म्हणजे तेवढं महत्त्वाचं नसावं.

१३ एप्रिल

नागम्मा मुखेडला गेली, तिच्या भावाकडं, रामलिंगकडं. शेवया करायच्या आहेत, आठ दिवस लागतील म्हणाली. पोरी दोघी आपापल्या घरी, त्यामुळं इथं मी एकटाच. जाताना झाडाबद्दल एक शब्द काढला नाही. पटलेलं दिसतंय.

ड्रम काठोकाठ भरला. बघून तसल्ली वाटली.

पानाखालचा सल्ला: उन्हाळी पिकाच्या मुळाशी ओल राखा. ज्यांना शेत आहे त्यांनी बघावं.

१९ एप्रिल

तब्येत ठीक नाही. कूलरच्या जाळीला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. फ्रीज उघडतानाही येतात. आप्पासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, बायको घरी नसली की पहिले आठ दिवस असंच होतं, मग सवय होते. खिचडी आणि शेंगाचटणीवर माणूस राहिला की अशक्तपणा येणारच.

नागम्माचा फोन नाही. मीच केला. मुंग्यांचं सांगणार होतो, पण रामलिंगच्या पुनमनं उचलला. आत्याचे हात पिठात आहेत म्हणाली.

२२ एप्रिल

लाज वाटावी असं काही या दुकानात आजवर घडलं नव्हतं.

बाई ॲम्प्लिफायर न्यायला आल्या, गिटार घेऊनच. मी आप्पासाहेबांना मुद्दाम बसवून ठेवलं होतं. बाईंनी गिटार मांडीवर घेतली, मी बटण दाबलं आणि घुंम्म. तेच. काडीचाही फरक नाही.

बाईंनी तारांवर हात ठेवला तसं ते दबलं. हात उचलला, पुन्हा चालू. ठेवला, गप. उचलला, चालू. वाद्यालासुद्धा मास्तरीणबाईंचा धाक आहे, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, "आठ तारखेला आवाज नव्हता, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. आज आहे. मधे काय बदललं?"

मी खूप आठवून बघितलं. "काहीच नाही. बायको माहेरी गेली, तेवढंच."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, वर्गात बघत असतील तसं. गिटार ठेवून गेल्या, नीट तपासता यावं म्हणून. एक अट घातली, तारांना बोट लावायचं नाही. चाळीस वर्षांत त्या तारांना दुसऱ्याचा हात लागलेला नाही. मी शब्द दिला.

२५ एप्रिल

आतल्या सगळ्या तारा काढून जाळीच्या वेष्टनाच्या नव्या टाकल्या. आवाजाचं बटण बदललं. गिटारची वायर बदलली. हमिंग जागच्या जागी. तारांना हात लावलेला नाही.

नागम्माला जाऊन बारा दिवस. शेवयांना आठ दिवस लागतात हे मान्य. बारा लागतात हे मी पहिल्यांदा ऐकतोय.

२९ एप्रिल

ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतोय. पत्र्यात वीज उतरलीय. म्हणजे दोष सापडला: ट्रान्सफॉर्मर आतून झिरपतोय. आप्पासाहेब म्हणाले, एकदा अर्थिंग बघ. मला हसू आलं. बियाणं विकणाऱ्या माणसानं मला अर्थिंग शिकवावं. म्हणालो, आप्पासाहेब, या दुकानात एकच गोष्ट अशी आहे जिच्यावर मी डोळे मिटून हवाला ठेवतो.

डॉक्टरकडं जाऊन आलो, मुंग्या वाढल्यात. मिक्सरला हात लावून चटणी करवत नाही. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हणालो, सध्या मीच. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

३ मे

चार दिवस लावून ट्रान्सफॉर्मर उलगडला आणि नव्या तारेनं पुन्हा गुंडाळला. आठशे चाळीस वेढे, प्रत्येक मोजून. मधे एकदा आप्पासाहेबांनी भुईमुगाचा भाव विचारला आणि मी तीनशे बारावरून परत पहिल्यापासून.

लावला. घुंम्म.

मी त्याच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

६ मे

गंधार स्वतः आला लातूरहून. पंचविशीचा, कानात बाळी, स्वभावानं गोड. ॲम्प्लिफायर ऐकला, लॅपटॉप उघडून मला बाईंचा ट्रॅक ऐकवला. स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "काका, बारा तारखेपर्यंत बघा. नाहीतर मी ट्रॅकवर जातो. बाईंना मी सांगत नाही, तुम्हीच सांगा."

ते मला कसं जमायचं. एक अंतरा चाळीस वर्षं ठेवलेली बाई, आणि मी सांगायचं की बसा, कांडी सरकवत राहा, आवाज मोबाइलमधून येईल.

कडीपत्ता वाळलाय. नागम्मा आल्यावर बोलेल.

१० मे

शेवटचा विचार. आमच्या आळीला बसवलेला नवा डीपीच खराब वीज सोडत असणार. दुसऱ्या गावच्या विजेवर तपासून बघावं. मुखेड सोयीचं आहे. नागम्माला आणायला चाललोय असं कुणी समजू नये. काम आहे.

११ मे

एसटीत गिटारचा लांब डबा बघून कंडक्टरनं विचारलं, आत काय हाय. मी म्हणालो, गिटार. तो म्हणाला, तुमचं वय काय. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं सगळ्या बसला सांगितलं की गडी कुठल्यातरी बँडपार्टीत हाय.

रामलिंगच्या ओसरीत ॲम्प्लिफायर मांडला. नागम्मा मागं अंगणात शेवयांची परात धूत होती. मला बघून म्हणाली, आलात. एवढंच. मी गिटार जोडली, आवाज चढवला, बटण दाबलं.

शांत. अगदी शांत. चढवलेल्या स्पीकरातून रामलिंगच्या म्हशीचं रवंथ ऐकू येतंय असं वाटावं इतकं शांत.

मी ओरडलोच, रामलिंग, तुमच्याकडं वीज चांगली हाय. रामलिंग म्हणाला, दाजी, कशाची चांगली, दिवसातून आठ तास. तेवढ्यात नागम्मानं परातीतलं पाणी भिंतीकडच्या लोखंडी नळीच्या बुडाशी ओतलं. ती मीटरची अर्थिंगची नळी. माती काळीभोर, ओली, शेवाळ धरलेली.

मी त्या मातीकडं बघत राहिलो.

"तिकडं कोण घालतंय?" नागम्मानं विचारलं.

"काय?"

"पाणी. तुमच्या अर्थिंगला."

मी म्हणालो, अर्थिंगला कोण पाणी घालतं. तिनं परात पालथी घातली, पदराला हात पुसले आणि सावकाश सांगायला लागली. अठ्ठ्याण्णव साली खड्डा बुजवल्यावर मीच तिला सांगितलं होतं म्हणे, इथं रोज घागरभर पाणी टाकत जा, का ते विचारू नको, टेक्निकल हाय. तिनं विचारलं नाही. सव्वीस वर्षं टाकलं. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा शेजारणीला सांगून आली. जागा कायम ओली म्हणून तिथं कडीपत्ता लावला, निदान फोडणीला तरी होईल. आणि दहा एप्रिलला मी आप्पासाहेबांसमोर तिला झाडाचे लाड म्हणालो.

"केळ्री म्हणाले व्हते तवा," नागम्मा म्हणाली. "तुमी डाग देत व्हता."

माझ्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट गेली. कूलर. फ्रीज. मिक्सर. टेस्टर. बाईंचा तारांवरचा हात. आठशे चाळीस वेढे. ताकदीच्या गोळ्या. खड्डा वाळला, घरातली सगळी चुकार वीज तुंबली, आणि मी पुन्हा पुन्हा तिला हात लावत राहिलो.

या वेळी माणसानं काय बोलावं हे मला माहीत होतं. पण तोंडातून निघालं, "बरं, मग चल घरी. आजपासून पाणी घालायला पाहिजे."

पुनम आत पळाली. नागम्मा म्हणाली, "पाणी घालायला येऊ?" आणि कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली.

शेवटच्या गाडीनं एकटाच आलो.

१२ मे

ड्रममधलं सगळं पाणी खड्ड्याला. पहिल्या चार घागरी माती गटगट प्याली, आवाज येत होता. तासाभरानं बटण दाबलं. शांत. मिक्सरला हात लावला, मुंगीसुद्धा नाही. चटणी केली. एकट्यानं खाल्ली.

बाईंना फोन केला की झालं. त्यांनी नुसतं झालं ऐकून घेतलं नाही, पायऱ्या मागितल्या. अर्थिंग वाळलं होतं, मी म्हणालो. मग आधी का वाळलं नव्हतं. पाणी पडत होतं. कोण घालत होतं. मी सांगितलं. मग का थांबलं. तेही सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, म्हणजे बावीस एप्रिलला तुम्ही उत्तर बरोबर दिलं होतंत, फक्त तुम्हाला कळलं नव्हतं. आणि नागम्माचा नंबर लिहून घेतला. मेळाव्याचं आमंत्रण द्यायचंय म्हणाल्या.

आजचा सल्ला मी वाचला नाही.

२० मे

काल वेळ मिळाला नाही, म्हणून कालचं आज.

लातूरला दहालाच पोचलो. शाळेचं सभागृह, पंखे मोठे, मुली भरपूर. मुली म्हणजे सगळ्या पन्नास-साठीच्या, पण बाई दारातून आल्या तशा दोनशे जणी फटकन उभ्या राहिल्या. पाठीमागून एकीनं हळूच खाण्याचा डबा बंद केला.

नागम्मा रामलिंगबरोबर मुखेडहून सरळ तिथंच आली होती. बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. मला तिनं मानेनं ओळख दाखवली.

मी स्टेजवर ॲम्प्लिफायर मांडला, जोडला, बटण दाबलं.

घुंम्म.

गंधारनं नुसता लॅपटॉप उघडला. बाई गिटार मांडीवर घेऊन पडद्यामागं बसल्या होत्या. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. पंधरा मिनिटं होती. पुढं प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग त्या.

मी मागच्या अंगणात पळालो. खिडकीखाली अर्थिंगचा खड्डा, वरचं झाकण काढलं तर आतली माती भाजलेल्या पिठासारखी. शिपायाला पाणी मागितलं. टाकी कोरडी, टँकर चारला. पिण्याचा जार पाहुण्यांच्या चहात संपलेला. मी तिथं उकिडवा बसलो होतो आणि मागून नागम्मा आली. तिनं खड्डा बघितला, मला बघितलं आणि आल्या पावली आत गेली.

पुढचं मी खिडकीतून बघितलं. प्रमुख पाहुणे शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. माझी बायको, जी दुकानात गिऱ्हाईक आलं तरी पडद्याआड उभी राहते, ती सरळ स्टेजवर चढली आणि टेबलावरच्या पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून पदरात घेतल्या. प्रमुख पाहुण्यांची अर्धी प्यालेली, तीसुद्धा. मग पहिल्या रांगेला काहीतरी सांगितलं. ते रांगेरांगेनं मागं गेलं, आणि दोनशे पर्स उघडल्या. घोटभर, अर्धी, तळाला राहिलेली, जिच्याकडं जे असेल ते. बाटल्या हातोहात मागच्या दारापर्यंत आल्या. बाईंनी शिकवलेल्या मुली, कुणी कारण विचारलं नाही.

पंचवीस-तीस बाटल्या ओतल्यावर आतून गंधारचा आवाज आला, "काका, गेलं."

पण ती माती किती दिवसांची तहानलेली. पाच मिनिटांत ओल खाली उतरली आणि घुंम्म पुन्हा डोकं काढायला लागलं. म्हणजे वाजवणं संपेपर्यंत कुणीतरी इथं बसून धार धरायला पाहिजे. नागम्मा पदर खोचून खाली बसलीच होती. मी तिला म्हणालो, तुझी पहिल्या रांगेतली खुर्ची आहे, तू जा. ती म्हणाली, तुमची धार तुटंल, तुमचं मन बोलण्यात असतंय. मग आतलं गंधारवर सोपवून मीही तिच्याशेजारी बसलो. डोक्यावर उघडी खिडकी. खाली बसलं की स्टेज दिसत नाही, सगळं ऐकू येतं.

बाईंनी सुरू केलं. मी यंत्रांचा माणूस, गाण्यातलं मला फार कळत नाही, पण आवाजातलं कळतं. हमिंग नव्हतं, म्हणून कांडी तारेवर टेकताना होणारा बारीक खर्र ऐकू येत होता. बाईंचा श्वासही. अस्थायी झाली. तोवर मी वर पंख्यांचा आवाज ऐकत होतो, लाइट आहे ना म्हणून. होती.

अंतरा आला. वर चढला, आणि तिसऱ्या सुरावर कांडी घसरली. मलासुद्धा कळलं.

गिटार थांबली. मग माइकवरून बाईंचा आवाज, वर्गातला:

"चुकलं. पुन्हा."

आणि त्यांनी पहिल्यापासून घेतलं. आत दोनशे जणी आधी हसल्या, मग एका झटक्यात गप्प झाल्या. ट्रॅक असता तर हे घडलं नसतं. तो चुकला नसता, आणि कुणाला असं म्हणताही आलं नसतं. या खेपेला अंतरा गेला, वर जाऊन सावकाश खाली उतरला.

नागम्मा बाटलीची धार न मोडता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढ्या शिकल्याल्या बाई. त्यांना म्हणता येतंय."

मी लिंबाच्या झाडाकडं बघितलं. खड्ड्याकडं बघितलं. मग म्हणालो, "माझं चुकलं."

"काय? ऐकू आलं न्हाई."

नागम्माचे कान मला माहीत आहेत. चार घरं पलीकडं कुकर वाजला तर तो कुणाचा आणि आत डाळ आहे की भात, तेही ती सांगते. पण मी वाद घातला नाही. दुसऱ्यांदा म्हणालो. जरा मोठ्यानं.

तिनं रिकामी बाटली खाली ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. संध्याकाळी उदगीरच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली. शेवयांची पिशवी मांडीवर.

२२ मे

गंधारनं काल रात्री सगळं रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं. सोबत फोन केला. म्हणाला, काका, आवाज एवढा स्वच्छ आलाय की शेवटी बाईंचा सूर विरताना मागून कुणीतरी माणूस ‘माझं चुकलं, माझं चुकलं’ म्हणतोय तेही आलंय. कोण आहे कळत नाही, काढून टाकू का. मी म्हणालो, बाईंना विचार. तो म्हणाला, विचारलं, बाई म्हणतात ते राहू दे, जागा कमी पडत असेल तर प्रमुख पाहुण्यांचं भाषण काढ.

नागम्मा आज सकाळपासून पाच वेळा ऐकत बसलीय. बाईंची धून ती ऐकतच नाही. सुरू झाली की बोटानं सरळ शेवटाकडं सरकवते.